तमकश्वासाचा रुग्ण, त्याच्या हातातील पंप आणि आपण

तमकश्वासाचा रुग्ण आज वैद्याकडे कोरी पाटी घेऊन क्वचितच येतो. त्याच्या पिशवीत एक निळा पंप असतो, दुसऱ्या रंगाचा एखादा पंप असतो, रात्री घ्यावयाची मॉन्टेलुकास्टची गोळी असते आणि पुष्कळदा कोणीतरी दिलेली, नाव-गाव नसलेली एखादी पुडीही असते. आपली प्रकृती सांगण्याआधी तो विचारतो, 'वैद्यबुवा, हा पंप कधी सुटेल?' या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो त्यावर त्याचे पुढील वर्ष, आणि काही रुग्णांच्या बाबतीत आयुष्यही, अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे उत्तरच आहे.

जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातील एकूण रुग्णांपैकी हे साधारण १३ टक्के होत. परंतु दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असे त्याच अंदाजाचे म्हणणे आहे. रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या यांतील ही तफावत व्याधीच्या स्वभावाने होणारी नव्हे. निदान उशिरा होणे, नित्य घ्यावयाचे औषध न घेणे आणि वेगावस्थेत योग्य स्थळी वेळेवर न पोहोचणे, ही त्याची उघड कारणे आहेत. यांपैकी दुसऱ्या कारणात आपल्या व्यवसायाचा वाटा किती, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारला पाहिजे.

व्याधी तोच, दृष्टी दोन

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १७ व्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा विचार एकत्र आला आहे. महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र या पाच श्वासांपैकी तमकाचे वर्णन आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आणि चिकित्सालयात बसल्यावर ते पुन्हा नव्याने वाचले. आडवे पडताच वाढणारा श्वास, उठून बसल्यावर मिळणारे सुख, उष्णाची इच्छा, कफ सुटताच घटकाभर वाटणारे बरे, ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी होणारी वृद्धी. रुग्णाला न विचारताही त्याच्या तोंडून ही लक्षणे याच क्रमाने बाहेर पडतात. हेतूंमध्ये रज आणि धूम यांचा स्पष्ट निर्देश आहे. गोधडी-वाकळीतील धूलिकीटक, मळणीचा भुसा, हळदीच्या व मिरचीच्या कांडपाची धूळ, चुलीचा धूर, दिवाळीचे फटाके आणि १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले व नंतर देशभर पसरलेले गाजरगवत, यांपैकी कोणताही हेतू 'रज' आणि 'धूम' या दोन शब्दांबाहेरचा नाही.

संप्राप्तीत कफाने अवरुद्ध झालेला वात प्राणवह स्रोतसात प्रतिलोम होतो, परंतु उद्भवस्थान मात्र पित्तस्थान, म्हणजे टीकाकारांच्या मते आमाशय, मानले आहे. विद्यार्थिदशेत हे विधान आम्हांस दूरान्वयाचे वाटे. रात्रीच्या जेवणानंतर आडवे होताच खोकला सुरू होणारे, आम्लोद्गार असणारे रुग्ण पाहिल्यावर तसे वाटत नाही. आमाशयातील आम्ल अन्ननलिकेत वर येणे आणि दमा यांचे साहचर्य आधुनिक वैद्यकानेही नोंदले आहे.

आधुनिक मत थोडक्यात असे. दमा हा मुळात श्वासनलिकांच्या अंतस्त्वचेचा दीर्घकालीन शोथ आहे. या शोथामुळे नलिका अतिसंवेदनशील होतात. धूळ, परागकण, थंड हवा, विषाणुसंसर्ग, अशा क्षुल्लक निमित्ताने त्यांचे स्नायू आकुंचन पावतात, अंतस्त्वचा सुजते आणि चिकट स्राव साचतो. स्नायूंचे आकुंचन क्षणात होते व क्षणात सुटूही शकते. शोथ मात्र वेग नसतानाही आत धुमसत असतो. औषधांचे दोन वर्ग याच भेदातून निर्माण झाले. रुग्णाला, आणि कित्येकदा औषधविक्रेत्यालाही, नेमका हाच भेद ठाऊक नसतो.

निदानाविषयी एकच सूचना. धाप लागणारा प्रत्येक रुग्ण तमकश्वासाचा नसतो. पायांवर शोथ असलेला हृद्रोगी, पांडुरोगी, जुन्या क्षयाने फुफ्फुस आक्रसलेला रुग्ण, चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे घालवलेली व कधी विडीही न ओढलेली वृद्धा, हे सारे 'दमा आहे' असेच सांगत येतात. शक्य तेथे स्पायरोमेट्री करून घ्यावी. श्वासनलिका विस्फारक औषध दिल्यानंतर एफ.ई.व्ही.-१ हे मान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर इतके वाढले, तर अवरोध परिवर्तनीय आहे असे समजतात. ती सोय नसेल तर अल्प किमतीचा पीक फ्लो मीटर तरी प्रत्येक वैद्याच्या मेजावर असावा. नाडीपरीक्षेच्या शेजारी तो ठेवण्यात कमीपणा नाही. उलट आपल्या चिकित्सेने काय साधले, हे दाखविण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

पंपात काय असते

निळ्या पंपात बहुधा सालब्युटामॉल अथवा लेव्होसालब्युटामॉल असते. काही मिनिटांत स्नायू सैल होतात, परिणाम चार ते सहा तास टिकतो. शोथावर त्याचा काहीही परिणाम नाही. रुग्णाचे प्रेम मात्र याच पंपावर असते, कारण गुण तात्काळ दिसतो. दुसरा पंप बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचा असतो. तो शोथ कमी करतो, परंतु त्याचा पूर्ण गुण येण्यास आठवडे लागतात आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. म्हणून रुग्ण तोच आधी सोडतो. सालमेटेरॉल व फॉर्मोटेरॉल ही बारा तास टिकणारी विस्फारक औषधे स्टेरॉइडसह एकाच पंपात येतात. दम्यात ती स्टेरॉइडवाचून एकटी देऊ नयेत.

निळ्या पंपावर एकट्याने विसंबण्याचे दुष्परिणाम इतिहासात नोंदलेले आहेत. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे तीव्र मात्रेच्या आयसोप्रिनालिन पंपांच्या काळात, आणि पुढे न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या काळात दम्याच्या मृत्यूंची लाट आली होती. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या मृत्यूंचा जो राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ज्या रुग्णांच्या तात्कालिक पंपांची मोजदाद उपलब्ध होती त्यांपैकी ३९ टक्क्यांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात १२ पेक्षा अधिक पंप लिहून दिलेले आढळले. दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने (जीना) २०१९ पासून केवळ तात्कालिक विस्फारकावर दम्याची चिकित्सा करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा संयुक्त पंप गरजेच्या वेळीही वापरावा, म्हणजे प्रत्येक वेगासोबत शोथाचे औषधही आपोआप पोटी, नव्हे छातीत जाते, असा तिचा आग्रह आहे. फॉर्मोटेरॉलचा गुणही काही मिनिटांतच येतो, म्हणून हे शक्य होते. सालमेटेरॉलचा पंप असा वापरता येत नाही. दोन्हींची नावे सारखी वाटतात, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' हे समज आपल्या समाजात खोल रुजले आहेत, आणि खेदाने म्हणावे लागते की आपल्यापैकी काही जण त्यांना खतपाणी घालतात. मात्रेचा हिशेब पाहावा. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध, आणि ते साऱ्या शरीरात फिरून मग फुफ्फुसात पोहोचणारे. वेगावस्थेत दिले जाणारे प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडची नित्य मात्रा बहुधा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दोन्हींची शक्ती सारखी नसल्याने ही वजनाची तुलना तंतोतंत नव्हे, तरीही अंतर ध्यानात यावे. जो रुग्ण पंपाला भिऊन गोळ्यांकडे वळतो, तो लहान भीतीपासून पळून मोठ्या भयाच्या दारी जातो.

पंप घेण्याची रीत मात्र बहुसंख्यांना येत नाही. फवाऱ्याच्या पंपातील औषधाचा मोठा भाग घशातच राहतो. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश श्वास घेतानाच दाबावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरावा. स्पेसर लावल्यास काम सोपे होते. ऐपत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे छिद्र पाडून केलेला स्पेसरही उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेत बालरुग्णांवर झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. कोरड्या भुकटीच्या उपकरणात याच्या उलट, जोराने व खोल ओढावे लागते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर गंडूष करून पाणी थुंकून टाकावे, अन्यथा मुखपाक होतो व आवाज बसतो. 'गंडूष' हा शब्द आपल्या रुग्णाला सांगण्यास आपल्याहून योग्य कोण?

मॉन्टेलुकास्टविषयी एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या औषधावर मानसिक दुष्परिणामांची कडक इशारावजा चौकट छापण्यास सांगितले. दुःस्वप्ने, चिडचिड, विषण्णता, क्वचित आत्मघाताचे विचार. एखादे मूल 'अलीकडे रात्री दचकून उठते' असे आई सांगू लागली, तर वातप्रकोप म्हणून पुढे जाण्यापूर्वी ते कोणत्या गोळीवर आहे हे विचारावे.

जुने नाते

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. आधुनिक दमाचिकित्सेची कित्येक मुळे वनस्पतींतच आहेत. वासेतील व्हॅसिसिनच्या धाग्यावरून ब्रोमहेक्सिन तयार झाले आणि त्याचेच शरीरातील रूपांतर म्हणजे अँब्रॉक्सॉल. धत्तूराच्या धूमपानाची रीत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासहून इंग्लंडला गेली. आज वापरले जाणारे इप्राट्रोपियम हे धत्तूरवर्गातील अॅट्रोपिनचेच सुधारित रूप होय. एफेड्रा वनस्पतीतून नागाई या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे केले. थिओफिलिन प्रथम चहाच्या पानांत सापडले, १८८८ साली. या गोष्टी आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. परंतु त्यांतून निघणारा दुसरा निष्कर्ष सहसा सांगत नाही. आपले द्रव्य आणि त्यांचे औषध जर एकाच मार्गाने कार्य करीत असतील, तर दोन्ही एकत्र दिल्यावर मात्रा दुप्पट होते.

एकत्र देताना

सोमलता हे पहिले उदाहरण. सालब्युटामॉल अथवा फॉर्मोटेरॉल चालू असताना एफेड्राची सोमलता दिली, तर हृद्द्रव, कंप, अनिद्रा आणि रक्तदाबवृद्धी अपेक्षितच आहे. उच्च रक्तदाब व हृद्रोग असलेल्यांना ती देऊ नये. त्यातही बाजारात 'सोमलता' वा 'सोमवल्ली' या नावाने मिळणारे द्रव्य पुष्कळदा सार्कोस्टेमा असते. ती दूध निघणारी, पर्णहीन वेल, एफेड्राशी संबंध नसलेल्या वेगळ्या कुळातील. म्हणजे एका खेपेस गुण येत नाही म्हणून वैद्य मात्रा वाढवितो आणि पुढच्या खेपेस खरा एफेड्रा आला की रुग्णाची छाती धडधडते. घाऊक खरेदी करणाऱ्या औषधनिर्मात्यांनी नमुना ओळखून घेतल्याशिवाय हे द्रव्य ठेवू नये.

कनकासवात धत्तूर आहे. टायोट्रोपियम वा इप्राट्रोपियम चालू असलेल्या वृद्धाला कनकासव दिले, तर मुखशोष, मूत्रावरोध व दृष्टीची अस्पष्टता वाढते. पौरुषग्रंथीची वृद्धी अथवा काचबिंदू असेल तर विशेष जपावे. श्वासकुठाराविषयीही हेच. त्यातील वत्सनाभाचे हृदयगतीवर कार्य आणि विस्फारक औषधांचे हृदयगतीवर कार्य एकत्र आले, की स्पंदनाची अनियमितता संभवते. त्यात मनःशिला, म्हणजे आर्सेनिकचा योग, असल्याने दीर्घकाळ देण्याचे ते औषध नव्हे. आमच्या मते तीव्र विस्फारक चालू असताना श्वासकुठार नित्य देण्याचे प्रयोजनच उरत नाही.

यष्टीमधु सर्वांत निरुपद्रवी मानले जाते. अल्प मात्रेत, अल्पकाळ ते तसे आहेही. परंतु त्यातील ग्लिसिरायझिन दीर्घकाळ पोटात गेल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, पाणी साचते, रक्तदाब वाढतो. विस्फारक औषधे, थिओफिलिन आणि पोटात दिलेली स्टेरॉइडे ही तिन्ही पोटॅशियम घटवतात. रुग्ण शोथासाठी मूत्रल गोळीही घेत असेल तर चारही बाजूंनी ऱ्हास होतो. गळून गेल्यासारखे वाटणे, पिंडिकोद्वेष्टन, हृद्द्रव अशी तक्रार आली की यष्टीमधूचा काढा आठवावा. अशा रुग्णाला वमन देण्यापूर्वी पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी, कारण वमनातही ते जाते.

पिप्पलीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ती स्वतः श्वासघ्न आहे, रसायन आहे, आणि योगवाहीही आहे. हे शेवटचे विशेषण येथे कळीचे. निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिप्पलीतील पायपरीनने थिओफिलिनची रक्तातील पातळी वाढविल्याचे दिसले. थिओफिलिनची उपकारक पातळी परंपरेने प्रतिमिलिलिटर १० ते २० मायक्रोग्रॅम मानतात. त्यापलीकडे हृल्लास, छर्दी, हृद्द्रव आणि प्रसंगी अपस्मारसदृश झटके येतात. म्हणजे थिओफिलिनवर असलेल्या रुग्णाला वर्धमान पिप्पली सुरू करणे हे त्याच्या गोळीची मात्रा न सांगता वाढविण्यासारखे आहे. त्रिकटुयुक्त कल्पांनाही हे लागू. आपल्या द्रव्याला गुण नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे, पण ते देताना आपली जबाबदारीही मान्य करावी लागते.

सितोपलादीत ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते. प्रेडनिसोलोनने ज्याची रक्तशर्करा वाढली आहे अशा मधुमेह्याला सितोपलादी, वासावलेह आणि च्यवनप्राश एकत्र देणारी चिठ्ठी आम्ही पाहिली आहे. तालीसादीची निवडही याच कारणाने सोडविणारी नव्हे, त्यातही शर्करा आहेच. अशा वेळी शटी, पुष्करमूल, तामलकी, सुरसा, एला यांसारख्या श्वासहर महाकषायातील द्रव्यांचा क्वाथ अथवा चूर्ण श्रेयस्कर. गर्भिणीत वासा टाळावी, कारण व्हॅसिसिनचे गर्भाशयावर संकोचक कार्य आहे. परंतु गर्भिणीचा पंप बंद करू नये. अनियंत्रित दमा माता व गर्भ दोघांनाही अधिक घातक असतो.

कमी करण्याचा क्रम

आता मूळ प्रश्न. पंप सुटेल का? चरकाने तमक याप्य सांगितला आणि नवोत्थित असता साध्य म्हटले. याप्य शब्दाचा अर्थ आपण रुग्णाला प्रामाणिकपणे सांगितला, तर निम्मे गैरसमज टळतील. कोसळू पाहणाऱ्या घराला टेकू दिला आहे. घर सावरले तर टेकू हळूहळू काढता येतो, एका रात्रीत नव्हे.

एका रात्रीत काढण्याचा प्रकार महाराष्ट्रात दरवर्षी घडतो. कोजागिरीच्या रात्री ठिकठिकाणी खिरीतून दम्याचे औषध दिले जाते. लोकांच्या श्रद्धेला आम्ही हात घालीत नाही. दूध-तांदळाची खीर, रात्रीचे जागरण आणि आश्विनातील दव हे तिन्ही कफवर्धक हेतू तमकाच्या रुग्णाला एकाच वेळी का द्यावेत, हा आमचा शास्त्रीय प्रश्न आहे, तो असो. खरी हानी त्यापुढची. 'आता दुसरे औषध घ्यायचे नाही' असे कोणीतरी सांगते आणि रुग्ण पंप बाजूला ठेवतो. स्टेरॉइडच्या पंपाचा गुण जसा आठवड्यांनी येतो तसा तो ओसरण्यासही दिवस-आठवडे लागतात. त्यामुळे पहिला पंधरवडा बरा जातो व श्रेय खिरीला मिळते. पंधरा दिवसांनी दिवाळी, फटाक्यांचा धूर, पाठोपाठ थंडी. तोपर्यंत आतला शोथ पुन्हा पेटलेला असतो.

हाच भ्रम आपल्या चिकित्सेतही होऊ शकतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. पंप बंद करून काढा सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे मिळालेला उपशय काढ्याचा की ओसरत्या पंपाचा, हे तेवढ्यात ठरत नाही. ते ठरविण्याची रीत एकच: पंप चालू ठेवून आपली चिकित्सा सुरू करावी आणि पीक फ्लोची नोंद ठेवावी. चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनहून अधिक वेळा लक्षणे नाहीत, रात्री जाग नाही, तात्कालिक पंप आठवड्यातून दोनहून अधिक वेळा लागला नाही आणि कामात अडथळा नाही, असे असल्यास दमा नियंत्रणात आहे असे मानतात. असे नियंत्रण सुमारे तीन महिने टिकले, की स्टेरॉइडची मात्रा पाव ते अर्धी कमी करावी व पुन्हा तीन महिने पाहावे, असे जीनाचे मत आहे.

या 'पाव'चे आपल्याला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सात्म्य झालेली वस्तू, ती अहितकर असली तरी, क्रमाक्रमाने सोडावी हे चरकाने सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात सांगितले आहे, आणि पादांशाने त्याग करण्याची वाग्भटाची रीत आपण मद्य व अपथ्याच्या संदर्भात नित्य सांगतो. औषधाच्या बाबतीतच ती का विसरावी? मात्रा कमी करणे शरद-हेमंताच्या सांध्यावर, पावसाच्या तोंडावर अथवा प्रतिश्याय चालू असताना सुरू करू नये. मूळ चिकित्सकाला कळवून करावे. आणि ज्याने पोटातून स्टेरॉइड तीन आठवड्यांहून अधिक घेतले आहे, त्याचे ते एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाहीत व रुग्ण ग्लानी, छर्दी, रक्तदाबऱ्हास यांनी कोसळतो. तेथे क्रम पाळणे ही निव्वळ सावधगिरी नव्हे, प्राणरक्षण आहे.

मात्रा स्थिर असतानाच्या काळात आपले खरे क्षेत्र आहे. बलवान, कफाधिक रुग्णाला लवणयुक्त तेलाचे अभ्यंग, स्वेदन व मग वमन-विरेचन, दुर्बल व वाताधिक रुग्णाला शोधन टाळून शमन-बृंहण, हा चरकाचा विवेक आजही सर्वोत्तम. त्याचे विस्तृत विवेचन या अंकाच्या वाचकांना नको. अगस्त्यहरीतकी, च्यवनप्राश यांचे रसायनकालातील स्थान सर्वश्रुत आहे. मात्र शोधन वेग शांत असताना व पीक फ्लो रुग्णाच्या स्वतःच्या उत्तम मानाच्या जवळ असतानाच करावे.

वेगावस्थेत

पुढील चिन्हे दिसताच काढा, लेप, धूमपान यांत वेळ घालवू नये: एक वाक्य पुरे बोलता न येणे, श्वासगती ३० च्या वर, नाडी १२० च्या वर, ऑक्सिमीटरवर ९० च्या आसपास अथवा खाली, ओठ निळसर, रुग्ण गुंगीत. सर्वांत फसवे चिन्ह म्हणजे घुरघुर थांबणे. नातेवाइकांना वाटते आराम पडला. प्रत्यक्षात वायूचे गमनागमनच इतके मंद झालेले असते की आवाज उमटत नाही. स्पेसरमधून सालब्युटामॉलचे ४ ते १० फवारे, वीस मिनिटांनी पुन्हा, पहिल्या तासात असे तीनदा, प्राणवायू आणि लगोलग रुग्णालय. दरम्यान निद्राकर औषध देऊ नये. त्यात अहिफेनयुक्त कल्पही आले. छातीला मीठ-तेल चोळून रुईच्या पानाचा शेक देण्याने सौम्य वेगात निश्चित सुख होते. तीव्र वेगात ते गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांचे काम समजावे.

औषधी दुकानदारांसाठी

जीनाच्या म्हणण्याप्रमाणे २०० फवाऱ्यांचे तीन वा अधिक तात्कालिक पंप वर्षाला लागणाऱ्याला तीव्र वेगांचा धोका वाढतो, बारा वा अधिक लागणाऱ्याला मृत्यूचा. ही मोजदाद वैद्याला वा विशेषज्ञाला सहसा कळत नाही, दुकानदाराला कळते. दरमहा निळा पंप नेणारे गिऱ्हाईक हे चांगले गिऱ्हाईक नव्हे. त्याला चिकित्सकाकडे परत पाठवावे. दम्याच्या रुग्णाने डोकेदुखी-अंगदुखीसाठी अॅस्पिरिन वा तत्सम वेदनाशामक मागितले तर विचारून द्यावे, कारण काहींना त्यानेच तीव्र वेग येतो. प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंबही तसेच.

आयुर्वेदीय कल्पांपैकी ज्यांत औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्ये आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना ठळकपणे असणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. ती नसलेला माल परत करावा. त्याच नियमांच्या जे परिशिष्टात श्वासनलिकेच्या दम्याचा समावेश आहे. दमा समूळ बरा करण्याचा दावा करणारे औषध दुकानात मांडणे म्हणजे कायद्याची अडचण ओढवून घेणे होय.

आणि शेवटी ती पुडी. 'जडीबुटीची', तीन दिवसांत दम थांबविणारी, भूक वाढविणारी, अंग भरणारी. अशा पुड्यांत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अथवा थिओफिलिन मिसळलेले असल्याचे प्रयोगशाळांच्या तपासण्यांत वेळोवेळी निष्पन्न झाले आहे. चेहरा वाटोळा होणे, सहज काळेनिळे डाग पडणे, दंड-मांड्या बारीक होऊन पोट सुटणे, नव्याने रक्तशर्करा वाढणे ही चिन्हे आपण डोळ्यांनी ओळखू शकतो. पुडी ओळखली की ती लगेच बंद करण्याचा मोह होतो, कारण आयुर्वेदाच्या नावाने कोणी विष विकतो याचा संताप येतो. तो संताप अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करण्यात खर्च करावा, सोबत पुडीचा नमुना द्यावा. रुग्णाला मात्र ती दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा म्हणूनच वागवावे: ज्ञात मात्रेच्या प्रेडनिसोलोनवर आणावे, विशेषज्ञाच्या सल्ल्याने क्रमाने उतरवावे, आणि तोवर त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवावी की हा रुग्ण स्टेरॉइडवर आहे. अपघात वा शस्त्रक्रिया उद्भवल्यास त्या चिठ्ठीवर त्याचा जीव वाचतो.